गोळीबाराचे गेम, पोरांचा राग आणि सासूबाईंचं फुटलेलं काकण

पाटावरवंटा (मंगळवार, रात्री ११.१०)

बरीच वर्षं या फोरमवर वाचनमात्र होते. आज राहवलं नाही म्हणून पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही चिंचवडला राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतला मुलगा. त्याला इथे चिरंजीव म्हणू. चिरंजीव गेली दोन वर्षं बीजीएमआय खेळतात, म्हणजे आधीचं पबजी. अभ्यास झाल्यावर रोज दीड तास, असं ठरलंय. म्हणजे ठरलं होतं.

गेल्या बुधवारी मी ऑफिसातून घरी पोचायची होते. सासूबाईंनी दिवा लावला आणि याला शुभंकरोतीला हाक मारली. (आठवीतला मुलगा शुभंकरोती म्हणत नाही, हे त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही.) एक हाक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. आतून उत्तर काय, तर "मेलो मेलो मेलो, अरे मला उचल ना कुणीतरी!" दिवेलागणीला घरात असलं अभद्र! त्या उठल्या आणि हॉलमधल्या राउटरचं बटण बंद केलं. चिरंजीव तीरासारखे बाहेर आले, बटण लावायला गेले, त्या आडव्या आल्या, याने त्यांचा हात झटकला. हात दिवाणाच्या कडेवर आपटला. काकण फुटलं आणि काच मनगटात गेली. दोन टाके पडले.

मी आले तेव्हा सासूबाई खुर्चीत, मनगटावर हळद दाबून, आणि वर त्यालाच समजावत होत्या, "काही नाही झालं रे." हा बाहेर जिन्यात बसलेला. "मी ढकललं नाही, झटकला फक्त." त्या रात्री हे एवढं एकच वाक्य वीसेक वेळा ऐकलं असेल.

नवऱ्याने त्याच रात्री गेम काढून टाकला. त्याचं म्हणणं, "रोज संध्याकाळी माणसं मारायची प्रॅक्टिस करतो, हात उचलायला कितीसा वेळ लागणार?" मला ते पटतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही. असले गेम खेळून मुलं खरंच हिंसक होतात का? ऐकीव नको, कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

टिकलीबंदूक (मंगळवार, रात्री ११.३४)

ताई, आधी आजींना नमस्कार सांगा.

दहावीनंतरची आमची अख्खी सुट्टी सायबर कॅफेत गेली. तासाला पंधरा रुपये, पंखा एक, पोरं बारा. काउंटर-स्ट्राइक (गोळीबाराचा गेम) आणि व्हाइस सिटी. व्हाइस सिटीत रस्त्यावरच्या माणसाला गाडीतून ओढून काढायचं, गाडी पळवायची, पोलीस मागे लागले की चीट कोड मारून रणगाडा मागवायचा. तो कोड मला अजून पाठ आहे, बायकोचा मोबाइल नंबर नाही. त्या बारातला एक आज बँकेत आहे, एक चक्क कीर्तनकार आहे, आणि मी सिग्नलला पिवळा दिवा दिसला तरी थांबतो.

त्याच्याही आधी आपण दिवाळीत काय करायचो? टिकल्यांचं पिस्तूल घेऊन समोरच्याच्या छातीवर नेम धरायचो आणि तो मेला नाही तर भांडायचो. "तू मेलायस!" "नाही, मला लागलीच नाही!" निम्मा महाराष्ट्र असाच वाढलाय.

हेडमास्तर (बुधवार, सकाळी ६.५०)

टिकलीबंदूक, तुमचे बारा मित्र हा पुरावा होत नाही. आमचे आजोबा विडी ओढून नव्वद वर्षं जगले, म्हणून विडी पथ्याची ठरते का?

मी हिंगोली जिल्ह्यात तीस वर्षं शिकवतोय. मार्च २०१९ मध्ये आमच्याकडे खटकाळी बायपासजवळ दोन तरुण रुळांपाशी पबजी खेळत होते. गाडी आली ती त्यांना कळलीच नाही. दोघेही गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात बेळगावजवळ काकतीला एकवीस वर्षांच्या मुलाने वडिलांचा खून केला, मोबाइलवर पबजी खेळू देत नाहीत म्हणून. २०२२ मध्ये लखनौत सोळा वर्षांच्या मुलाने आईवर गोळ्या झाडल्याची बातमी आली, तीही गेमवरून. किती उदाहरणं द्यायची?

वर्गात काय दिसतं ते सांगतो. मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना पाडतात आणि वर उभं राहून "फिनिश कर, फिनिश कर" ओरडतात. पूर्वीही मारामाऱ्या व्हायच्या, पण पडलेल्याला मारत नसत.

सावित्री_ब (बुधवार, सकाळी ९.१५)

सर, पूर्ण आदर ठेवून सांगते, तुमच्या तीन घटना एका माळेत ओवू नका. हिंगोलीची मुलं हिंसक नव्हती, बेसावध होती. त्यांच्या हातात सापशिडी असती आणि तितकेच गुंगले असते तरी गाडी तशीच आली असती. काकती आणि लखनौ भयंकरच आहे, पण दोन्हीकडे बातमी "गेम खेळू दिला नाही" अशी आहे. "गेममध्ये पाहिलं आणि तसं केलं" अशी ती नाही.

पाटावरवंटा, तुमच्या घरी गोळीबाराचा काय संबंध आला? हातातली गोष्ट ऐन रंगात असताना तोडली, एवढंच झालं. आमच्याकडची गोष्ट सांगते. १० जुलै २०१९, वर्ल्ड कपची सेमीफायनल, न्यूझीलंडविरुद्ध. धोनी आणि जडेजाची भागीदारी रंगात आलेली, आणि मी स्वयंपाकघरात मिक्सर लावला. फ्यूज उडाला. माझ्या शांत, विठ्ठलभक्त नवऱ्याने टीपॉयला अशी लाथ घातली की करंगळी तीन आठवडे बांधलेली होती. दिवे येईपर्यंत धोनी रनआउट. क्रिकेटने पुरुष हिंसक होतात का, असा धागा मी काढला नाही. काढायला हवा होता.

टिकलीबंदूक (बुधवार, सकाळी ९.२२)

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! टीपॉयची बाजू कोण मांडणार?

चष्मिष (बुधवार, दुपारी १.४०)

मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

हा वाद आपला नाही आणि नवाही नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत डेथ रेस नावाचा नाणं टाकून खेळायचा गेम आला. पडद्यावर काडीसारख्या आकृत्या, त्यांच्यावर गाडी घालायची. तेव्हाच ओरड झाली होती. मग १९९२ चा मारामारीचा गेम मॉर्टल कॉम्बॅट, १९९३ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये सुनावण्या, आणि १९९४ पासून खोक्यावर वयोगट छापायची पद्धत. १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत दोन मुलांनी गोळीबार केला, ती मुलं डूम हा गोळीबाराचा गेम खेळायची. तिथून हा प्रश्न जगभर गेला.

संशोधक हे मोजतात कसं, ते माहीत असायला हवं. प्रयोगशाळेत तुम्हाला पंधरा-वीस मिनिटं गेम खेळायला देतात. मग एक शर्यत: कोण आधी बटण दाबतो. जिंकलात की पलीकडच्या खोलीतल्या माणसाच्या कानात कर्कश आवाज सोडायचा. किती मोठा, किती वेळ, हे तुम्ही ठरवायचं. त्यावरून तुमची आक्रमकता काढतात. दुसरा प्रकार म्हणजे अनोळखी माणसाच्या खाण्यात तिखट सॉस किती घालता ते बघायचं. गंमत अशी की पलीकडच्या खोलीत बहुधा कुणी नसतंच. आता अनोळखी माणसाला जरा जास्त कर्कश आवाज ऐकवणं आणि आजीचा हात झटकणं आणि खून, या एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत की तीन वेगळ्या इमारती, इथे सगळं अडलंय.

प्रयोगशाळेबाहेरचे दोन अभ्यास मला जास्त भरवशाचे वाटतात. एक २०१९ चा, ब्रिटनमधला. १४-१५ वर्षांची १००४ मुलं. गेम किती हिंसक हे मुलांना न विचारता अधिकृत वयोगटावरून ठरवलं आणि मुलाच्या वागण्याबद्दल आईवडिलांना विचारलं. संबंध सापडला नाही. दुसरा जर्मनीतला, २०१८ चा. एका गटाला दोन महिने रोज मारधाडीचा जीटीए फाइव्ह, दुसऱ्याला घर-संसार मांडायचा सिम्स, तिसऱ्याला काहीच नाही. दोन महिन्यांनंतर आक्रमकतेत फरक नाही. अर्थात ती सगळी मोठी माणसं होती. आठवीतल्या मुलावर असा प्रयोग कुठली समिती मंजूर करेल?

शेवटचं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन २०१५ मध्ये या गेमांच्या बरीच विरोधात होती. २०२० मध्ये त्यांनी ठराव दुरुस्त केला. हिंसक गुन्ह्यांचं खापर गेमवर फोडणं शास्त्राला धरून नाही, असं स्पष्ट सांगितलं. पण किरकोळ आक्रमक वागण्याशी लहानसा का होईना, संबंध दिसतो, हेही कायम ठेवलं. त्यांनी दिलेली उदाहरणं: ओरडणं आणि ढकलणं.

हेडमास्तर (बुधवार, दुपारी २.०५)

ओरडणं आणि ढकलणं. मॅडम, मग आजींच्या मनगटाला काय झालं?

चष्मिष (बुधवार, दुपारी २.३१)

मुद्दा बरोबर आहे, टाळत नाही. या धाग्यातली घटना खुनाच्या जवळची नाही, या "ओरडणं-ढकलणं" गटातलीच आहे. म्हणून "संशोधन सांगतं काही होत नाही" असं म्हणून ताईंना घरी पाठवता येणार नाही.

फक्त दोन गोष्टी. संबंध लहान आहे, आणि संबंध म्हणजे कारण नव्हे. ज्या घरात आधीच आदळआपट आहे तिथली मुलं असे गेम जास्त खेळत असतील, हे उलटं टोकही शक्य आहे. ताईंच्या घरी तसं आहे असं मी अजिबात म्हणत नाही.

सत्यवचनी (बुधवार, सायं. ५.१२)

एवढं संशोधन कशाला? सरळ गोष्ट आहे. पाश्चात्त्यांचा कचरा आपल्या पोरांच्या डोक्यात ओतला जातोय. आपल्या संस्कृतीत लहान मुलांना रक्तपात दाखवत नाहीत. आई ऑफिसात आणि पोरगं स्क्रीनवर, दुसरं काय होणार?

टिकलीबंदूक (बुधवार, सायं. ५.२०)

खिक्! आपल्या संस्कृतीत रक्तपात दाखवत नाहीत? मी पाचवीत असताना बाबा मला खांद्यावर बसवून गणपतीचे देखावे दाखवायला न्यायचे. सगळ्यात लांब रांग अफजलखानाच्या वधाला. खानाचा पुतळा कण्हत वर-खाली व्हायचा, मोटारीवर. पोटातून लाल बल्ब पेटायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो, मग भेळ. आणि तो देखावा बघून मी कुणाचा कोथळा काढला नाही, हे या धाग्याच्या संदर्भात नोंदवून ठेवतो.

सत्यवचनी (बुधवार, सायं. ५.२६)

शिवचरित्राची गेमशी तुलना करताना लाज वाटायला हवी. तिथे धर्म आणि न्याय होता. इथे

व्यवस्थापक (बुधवार, सायं. ६.००)

वरच्या प्रतिसादातला पुढचा भाग आणि त्यावरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. धागा गेमवर आहे. आयांच्या नोकऱ्यांवर नाही आणि इतिहासावरही नाही. पुन्हा घसरला तर कुलूप लागेल.

राइनकाठचा (बुधवार, रात्री ९.४८, भारतात मध्यरात्र उलटली असेल)

सत्यवचनी यांचा एक मुद्दा मात्र वाया जाऊ नये. "कोण कुणाला मारतंय आणि गोष्ट काय सांगितलीय" याने फरक पडतो असं त्यांना म्हणायचं असेल तर त्यात तथ्य असू शकतं. असो, व्यवस्थापक, मी घसरत नाही.

मी गेली अठरा वर्षं जर्मनीत आहे. या विषयावर जर्मन लोक आपल्यापेक्षा कितीतरी जास्त भांडलेत. त्यांच्याकडे शब्दच आहे त्याला, "किलरश्पीले", म्हणजे खुनी खेळ. २६ एप्रिल २००२ रोजी एरफुर्टमधल्या गुटेनबर्ग शाळेत एकोणीस वर्षांच्या माजी विद्यार्थ्याने सोळा जणांना मारलं, बहुतेक शिक्षक, आणि मग स्वतःला. तो काउंटर-स्ट्राइक खेळायचा असं छापून आलं. झालं, देशभर एकच विषय.

पण हळूहळू बाकीचं बाहेर आलं, आणि ते मला जास्त हलवून गेलं. त्या मुलाला काही महिन्यांपूर्वी शाळेतून काढलं होतं. त्या राज्यात तेव्हा नियम असा, की बारावीअखेरची आबितूर नावाची परीक्षा न देता बाहेर पडलेल्याच्या हातात काहीच प्रमाणपत्र नाही. दहावी पास हेही नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा, कागदोपत्री शून्य. घरी त्याने हे सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी दप्तर घेऊन शाळेत निघायचा. आणि नेमबाजी क्लबचा सदस्य असल्यामुळे त्याच्याकडे परवान्याच्या बंदुका होत्या.

पुढे कायदे तिन्ही बाजूंनी बदलले. नेमबाजांसाठी वयाची अट १८ वरून २१ वर नेली आणि पंचविशीच्या आतल्यांना मानसिक तपासणी लावली. दहावीला मधली परीक्षा ठेवली, म्हणजे पुढे कुणी रिकाम्या हाताने बाहेर पडणार नाही. आणि २००३ पासून गेमवरचे वयोगट दुकानदारांवर बंधनकारक केले. काउंटर-स्ट्राइक मुलांना घातक गेमांच्या यादीत टाकायचा प्रस्ताव होता, तो तपासणाऱ्या सरकारी मंडळाने फेटाळला. तीन उपायांपैकी वर्तमानपत्रांनी कशावर जास्त शाई घालवली असेल?

अवांतर: गेमच्या इथल्या जुन्या आवृत्त्यांत रक्त हिरवं असायचं. हाफ-लाइफच्या जर्मन आवृत्तीत सैनिकांच्या जागी यंत्रमानव घातले होते. गोळी लागली की स्प्रिंगा आणि चाकं उडायची. माझा जर्मन सहकारी म्हणतो, आम्हाला लहानपणी वाटायचं अमेरिकेत माणसं राहतात आणि आमच्याकडे यंत्रं.

काळाकोट (गुरुवार, सकाळी १०.०५)

हिरवं रक्त आपल्याकडेही आलंय. बीजीएमआयमध्ये गोळी लागली की हिरवा शिंतोडा उडतो. "मारलं" असंही म्हणत नाहीत, "फिनिश" म्हणतात. हेडमास्तरांच्या मैदानावरचा शब्द तिथूनच आला, म्हणजे सौम्य केलेला शब्द हा!

आपल्याकडच्या बंदीची कथा लोक चुकीची सांगतात, म्हणून लिहितो. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पबजी खेळण्यावर बंदीचा आदेश काढला आणि खेळणाऱ्या काही तरुणांना चक्क पकडलं. कारण दिलं ते मुलांच्या वागण्यावर, भाषेवर, अभ्यासावर होणाऱ्या परिणामाचं. त्याच सुमारास मुंबईतल्या अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात बंदीसाठी याचिका केली होती. पण देशभर बंदी आली ती २ सप्टेंबर २०२० ला, ११८ ॲपवर एकदम, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. कारण देशाची सुरक्षा आणि माहितीची गळती. हिंसेचा त्यात संबंध नव्हता. चीनच्या सीमेवर तणाव होता, हे सगळ्यांना आठवत असेल. २०२१ मध्ये तोच खेळ नाव बदलून आला, २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला, मे २०२३ मध्ये परत आला. परत येताना अट होती, अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास.

अमेरिकेतला एक निकालही इथे सांगायला हवा. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये कायदा केला, की हिंसक गेम अल्पवयीनांना विकला तर हजार डॉलर दंड. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ७ विरुद्ध २ असा रद्द केला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिलं, मुलांना आपण ग्रिमच्या परीकथा वाचायला देतोच, त्यात कमी रक्त आहे का? सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं टोचून काढतात. राज्याने दाखवलेले अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, हेही त्यात होतं. म्हणजे टिकलीबंदूक यांचा देखाव्याचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात चाललेला आहे. फी कुठे पाठवू?

आणि ज्यांना २०१७ चा ब्लू व्हेल (मुलांना आत्महत्येकडे नेतो म्हणून गाजलेला ऑनलाइन खेळ) आठवतो त्यांच्यासाठी. घरोघरी घबराट, शाळांची परिपत्रकं. पुढे जानेवारी २०१८ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं, की चौकशीत एकाही मृत्यूशी त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. ती बातमी कितीजणांनी वाचली?

सावित्री_ब (गुरुवार, सकाळी १०.४०)

मुलाच्या हातात परवान्याची बंदूक पोचली होती, हे एरफुर्टलाही होतं आणि लखनौच्या बातमीतही, वडिलांचं पिस्तूल घरातच होतं. चिंचवडच्या घरात राउटर होता आणि दिवाण होता. एवढ्यावर निभावलं.

लोणीकंद_स्नायपर (गुरुवार, रात्री ११.५५)

नवीन आयडी आहे. वय १९. या धाग्यावर गेम खेळणारं कुणीच नाही म्हणून लिहितोय. (व्हाइस सिटीवाले काका, तुम्ही मोजत नाही.)

काकू, एक गोष्ट आई लोकांना कधीच कळत नाही. ऑनलाइन गेम पॉज होत नाही. शंभर जण विमानातून उतरतात, साधारण अर्धा तास मॅच चालते, चौघांची टीम असते. मध्येच नेट गेलं तर माझा माणूस तिथेच पुतळ्यासारखा उभा राहतो आणि कुणीही येऊन उडवतो. रँकचे पॉइंट जातात. ते तीन मित्र माझ्यामुळे हरतात आणि दुसऱ्या दिवशी क्लासला शिव्या घालतात. तुमच्या मुलाने "मला उचल" म्हटलं म्हणजे तो नॉक झाला होता. तेव्हा गुडघ्यावर रांगत राहायचं, मित्र आला आणि काही सेकंद शेजारी बसला तर परत उठतो. म्हणजे मित्र स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याच्याकडे धावत होता आणि बरोबर तेव्हा नेट गेलं. राग गोळीबाराचा नाही काकू, लाजेचा आहे.

त्याने आजीला लागेल असं वागायला नको होतं. मीपण एकदा फोन भिंतीवर मारलाय. स्क्रीनचे साडेचार हजार बाबांनी माझ्या बाइकच्या पेट्रोलमधून कापले.

आणि खरं सांगू का, रक्ताची काळजी करू नका, माइकची करा. अनोळखी लोकांबरोबर टीम लागली की काय काय ऐकायला मिळतं ते लिहिलं तर व्यवस्थापक हा आयडी उडवतील. आईवरून, जातीवरून, धर्मावरून. मुलीचा आवाज आला तर विचारूच नका. आठवीतला मुलगा ते रोज ऐकत असेल तर त्याचा परिणाम होणार. माझ्यावर झाला. मी घरात काय बोलायला लागलो होतो ते माझ्या ताईने एकदा रेकॉर्ड करून मला ऐकवलं.

हेडमास्तर (शुक्रवार, सकाळी ६.३५)

बाळ, तीस वर्षांत मला इतक्या सरळपणे कुणी समजावलं नव्हतं. गोळीबाराबद्दल मत बदललेलं नाही, पण माइकचं माझ्या ध्यानात कधी आलंच नाही. आमची पोरं एकमेकांना कुठून कुठल्या शिव्या देतात याचा उलगडा झाला. हिंगोलीच्या शिव्या मला पाठ आहेत, या तिथल्या नव्हत्या.

चष्मिष (शुक्रवार, सकाळी ११.१०)

स्नायपर यांनी जे सांगितलं त्यावर संशोधनही आहे: चिडचिड गेममधल्या हिंसेपेक्षा हरण्याने, स्पर्धेने आणि अडवलं जाण्याने जास्त वाढते, असं काही प्रयोगांत दिसलंय. मी ते दहा परिच्छेदांत लिहिलं असतं.

एक वेगळा विषय मात्र यात मिसळू नका. मुलगा झोपत नाही, जेवत नाही, शाळा सुटली, गेमशिवाय काही सुचत नाही, असं महिनोन्‌महिने असेल तर तो आजार म्हणून बघायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, २०२२ पासून ती लागू झाली. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये यासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालतं. ताई, तुमच्या वर्णनात मला तसं दिसत नाही, पण झोपेचं तेवढं बघा.

पाटावरवंटा (रविवार, रात्री १०.२०)

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सासूबाईंचे टाके उद्या निघतील.

स्नायपरचा प्रतिसाद मी चिरंजीवांना वाचायला दिला. तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "हा कुठल्या टियरला आहे?" (म्हणजे रँकला.) बस. पण नंतर आपण होऊन आजीजवळ जाऊन बसला. काय बोलला माहीत नाही, मी कणीक मळत होते.

गेम परत आलाय. नवऱ्याला मान्य नाही, तो दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलतोय. त्याची भीती मला खोटी वाटत नाही, त्याच्या लहानपणी घरात हात उठायचे, तो त्याच चष्म्यातून बघतो. चष्मिष ताई, तुमच्या "उलट्या टोका"वर मी राग धरला नाही, उलट त्यावरच आमचं भांडण झालं. आत्ता ठरलंय ते असं: माइक फक्त वर्गातल्या तीन मित्रांपुरता, अनोळखी टीम बंद, आणि मोबाइल हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. संध्याकाळी सहा ते सातच्या दरम्यान मॅच सुरू करायची नाही, कारण दिवा. किती दिवस टिकेल माहीत नाही.

काल शनिवारी मी त्याच्या शेजारी बसून अख्खी मॅच पाहिली. पहिली पंधरा मिनिटं तर तो नुसता पळत होता आणि रिकाम्या घरांतून बॅगा गोळा करत होता. मला झोप आली. सासूबाई मात्र माळ ओढत मागे उभ्या होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "गडी किती उरले रे?" म्हणाला, "सात." त्या आत गेल्या, वात सारखी करून आल्या, पुन्हा विचारलं. "पाच." पुन्हा आत. पुन्हा बाहेर. "अजून पाचच? एवढ्या वेळात आमची कबड्डीची मॅच आटपायची!"

लोणीकंद_स्नायपर (रविवार, रात्री १०.३१)

आजींना सांगा, शेवटचे पाच सगळ्यात जास्त वेळ खातात. गवतात झोपून राहतात.